मागच्या सीटवरून पाहिलेलं हा झांग

१९८९ साली जावळी तालुक्यातल्या एका शाळेवर नेमणूक झाली आणि मी हप्त्यानं लूना घेतली. मेढ्याच्या पुढं चढ लागला की तिचं इंजिन दमायचं, मग पेडल मारायचे. पुढं हिरो होंडाची स्ट्रीट आली, तिच्यानंतर स्कूटर. निवृत्तीपर्यंत रोज ऊन, धुकं, पाऊस असं सगळं अंगावर घेत शाळा गाठली. या साऱ्या वर्षांत दुसऱ्याच्या मागं बसायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. घरातलेच माझ्या मागं बसायचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र उत्तर व्हिएतनाममधल्या हा झांगच्या डोंगरात सलग चार दिवस, साधारण साडेतीनशे किलोमीटर, मी एका चोवीस वर्षांच्या मुलाच्या मागं बसून फिरले. सोबत धाकट्या जाऊबाई होत्या, त्यांना वेगळी गाडी आणि वेगळा चालक. गाड्या आणि चालक भाड्यानं देणाऱ्या ज्या दुकानानं ही सफर घडवली त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि त्या मी मालकिणीला समोर बसून सांगून आले आहे. शिवाय त्या गावात अशी दुकानं एकाला लागून एक आहेत. कशावरून पारखायचं हे कळलं तर तुमचं तुम्हाला निवडता येईल.

मागं का बसले ते आधी सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांची तिथं फसगत होते. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराचा असतो. व्हिएतनाममध्ये १९६८च्या व्हिएन्ना कराराचा लागतो. म्हणजे साताऱ्याहून शिक्का मारून नेलेलं माझं पुस्तक तिथं उपयोगाचं नव्हतं. रस्त्यावर पोलिसांची तपासणी असते हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, परवाना वैध नसताना हातपाय मोडला तर प्रवासविमा मिळेल या भरवशावर राहता येत नाही. एका दुकानात मला सांगितलं, ‘घेऊन जा, कोणी विचारत नाही.’ आमच्या मालकीणबाईंनी पुस्तक उघडून वर्ष पाहिलं, मान हलवली आणि चालक घ्या म्हणाल्या. गाडी नुसती भाड्यानं दिली असती तर त्यांना कमी कष्टात पैसे मिळाले असते. मी तिथंच ठरवलं, जायचं तर यांच्याकडूनच.

दर माणशी ५० लाख डोंग. आकडा ऐकून जाऊबाई दचकल्या, पण रुपयात तो तेव्हा साडेसोळा हजारांच्या आसपास येत होता. त्यात गाडी, चालक, पेट्रोल, तीन रात्रींचा मुक्काम आणि दोन वेळचं जेवण. स्वतः चालवणाऱ्यांना क्लच नसलेली, पायानं गियर टाकायची ११० सीसीची गाडी दिवसाला २ लाख डोंगला, म्हणजे सहा-सातशे रुपयांना मिळत होती. अंगणात ती उभी पाहिली आणि माझी स्ट्रीट आठवली. तीच जात, तीच ठेवण. व्हिएतनामचा संसार याच गाड्यांवर चालतो. दक्षिणेकडे तर कुठल्याही मोटारसायकलीला ‘होंडा’च म्हणतात, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

निघायच्या दिवशी सकाळी सातला दुकानाच्या अंगणात तासभर शिकवणी होती. मी तीस वर्षांवर वर्गात उभी राहिलेली बाई, त्यामुळं हा भाग मी फार बारकाईनं पाहिला. मालकीणबाईंनी आधी फळ्यावर नकाशा काढला नाही की नियम वाचून दाखवले नाहीत. प्रत्येकाला गाडीवर बसवलं आणि अंगणातून उतार उतरायला लावला, पहिल्या गियरमध्ये, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. घाटात उतरताना नुसता ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून सुटतो, गाडी इंजिनावर रोखायची असते. आपल्या केळघर घाटात हे मी अनुभवानं शिकले होते. इथं वीस-बावीस वर्षांची युरोपातली पोरं होती, आयुष्यात पहिल्यांदा गाडीला हात लावणारी. त्यातल्या एका जर्मन मुलाला तीन वेळा करूनही जमलं नाही. बाईंनी त्याला गाडी दिली नाही, चालकाच्या मागं बसवलं आणि फरकाचे पैसे घेतले. तो नाराज झाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दुसऱ्या कुठल्या दुकानाची गाडी घेतलेली दोन पोरं भेटली, दोघांच्या गुडघ्याला आणि कोपराला पट्ट्या बांधलेल्या. तेव्हा त्या मुलाचा राग गेला असावा, कारण तो आपल्या चालकासाठी कॉफी घेऊन आला.

मागं बसणाऱ्यांनाही शिकवलं, हे मला विशेष वाटलं. आपल्याकडे मागं बसणं कोणी शिकवत नाही, लहानपणी उचलून बसवतात तेवढंच. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. वळणावर गाडी जिकडं कलेल तिकडंच आपणही कलायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. चालवायची सवय असलेलं माणूस मागं बसलं की अंग आखडून घेतं आणि नेमकं उलट्या बाजूला झुकतं. त्यात तिथली वाहतूक उजवीकडून. पहिल्या दिवशी समोरून ट्रक आला की माझा जीव डावीकडं ओढ घ्यायचा आणि माझा चालक शांतपणे उजवीकडं सरकायचा. दुपारनंतर मी डोळे मिटून फक्त त्याच्या पाठीच्या हालचालीबरोबर हलायचं ठरवलं, आणि मग जमलं.

तिकडं भाड्यानं माणसं नेणाऱ्या दुचाकीला ‘से ओम’ म्हणतात. ‘से’ म्हणजे गाडी आणि ‘ओम’ म्हणजे मिठी मारणं, कवेत घेणं. मी माझ्या चालकाला आपल्या ॐचा अर्थ सांगितला. तो मला ‘को’ म्हणायचा, म्हणजे आत्या. त्यांच्यात नुसतं ‘तुम्ही’ असं फार कमी बोलतात, समोरच्याचं वय पाहून नातंच लावतात. मी त्याला ‘चाउ’ म्हणायचं, म्हणजे भाचा. एकदा हे नातं ठरल्यावर त्याच्या कमरेला धरून बसायचा संकोच माझ्या मनातून गेला. जाऊबाईंनी मात्र पहिले दोन दिवस मागच्या कॅरियरची कडी सोडली नाही.

त्यांना आणखी एक अडचण आली. त्या आयुष्यभर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. आपल्याकडच्या गाड्यांना मागच्या चाकाला जाळी असते, धरायला कडी असते, ती काही कंपनीची हौस नाही. साडी आणि ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मोटार वाहन नियमांतच ती तरतूद आहे. तिकडच्या गाडीला जाळी नाही. आमच्या लेकीकडे जर्मनीत जावयाची मोटारसायकल पाहिली होती, तिलाही नव्हती. जाऊबाई सलवार घालून दोन्हीकडं पाय टाकून बसल्या खऱ्या, पण मांड्या भरून आल्या. दुकानानं निघताना विचारायला हवं होतं की, तुम्ही आधी असं बसला आहात का. विचारलं नाही.

हॉर्नबद्दल लिहायलाच हवं. हनोईत उतरल्या उतरल्या हॉर्नचा कल्लोळ ऐकून वाटलं होतं, हे तर आपलंच. दोन दिवस डोंगरात फिरल्यावर कळलं की, आपलं नाही. आपल्याकडे मागून हॉर्न आला की त्यात ‘सरक’ असतं, आणि पुढचा माणूसही ते मनाला लावून घेतो. आमचा भाचा प्रत्येक आंधळ्या वळणाआधी दोनदा हलकेच वाजवायचा, टीं टीं. समोरून कोणी असेल तर तसंच उत्तर यायचं. ओलांडून जाताना एकदा, म्हणजे मी तुझ्या डावीकडं आहे. कोणी मागं वळून डोळे वटारले, असं चार दिवसांत एकदाही पाहिलं नाही. मीही घाटात वळणावर हॉर्न देते, पण सरळ रस्त्यावर पुढच्याला ओलांडताना देताना माझ्याही बोटात चीड असते, हे मला त्या सीटवर बसून जाणवलं.

जर्मनीत याच्या अगदी उलट. तिकडं हॉर्न वाजला तर काहीतरी अनर्थ झाला असं समजायचं. जावयानं मला ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी ५०० या रस्त्यावरून फिरवलं होतं. समोरून मोटारसायकलवाला आला की हा डावा हात हँडलवरून काढून खाली धरायचा आणि तोही तसंच करायचा. अनोळखी माणसं, पण एकमेकांना रामराम केल्याशिवाय पुढं जात नाहीत. मी विचारलं, ओळखतोस का? म्हणाला, नाही, पण तोही गाडीवर आहे ना. हा झांगमध्ये असा हात कोणी करत नाही. तिथं रस्त्यावर जो आहे तो गाडीवरच आहे, मग किती जणांना हात करणार? जर्मनीत मोटारसायकल उन्हाळ्यातल्या रविवारची. कित्येकांच्या नंबरप्लेटवर गाडी कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत रस्त्यावर राहील तेही छापलेलं असतं, कारण तेवढ्याच काळाचा कर आणि विमा भरायचा. हा झांगमध्ये त्याच गाडीवर डुक्कर बाजाराला जातं, सिमेंटची पोती जातात, मुलं शाळेत जातात. आमच्या भाच्याची गाडी म्हणजे त्याच्या घरातला बैल होता. मुक्कामाला पोचलो की जेवायच्या आधी तो ती धुवायचा, साखळीला तेल द्यायचा, मग हात धुऊन ताटावर बसायचा. मी त्याला फोनमधला दसऱ्याचा फोटो दाखवला, झेंडूचा हार घातलेली माझी स्कूटर. त्यानं तो फोटो आपल्या आईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी येन मिन् हे गाव सोडल्यावर पाऊस लागला. त्यांचा रेनकोट पाहून मी थक्क झाले. आपल्या इरल्यासारखा तो चालवणाऱ्याला आणि गाडीच्या हँडललाही झाकतो, आणि पुढच्या बाजूला दिव्याच्या जागी पारदर्शक कापड शिवलेलं असतं, म्हणजे उजेड अडत नाही. दोन डोक्यांचाही मिळतो, पुढच्याला एक टोपी, मागच्याला एक. जावळीच्या पावसात मी इतकी वर्षं भिजले, दिव्यावर आलेला रेनकोट एका हातानं सावरत घाट उतरले. हा एवढा साधा विचार आपल्याकडे कोणी का केला नसेल? मी तसे दोन विकत आणले आहेत. ऊन असलं की बायका अंगभर सुती जॅकेट, तोंडाला मास्क, हातमोजे, कमरेभोवती उन्हासाठी लांब कापड. पुण्याच्या मुलींचा स्कार्फ डोळ्यांसमोर आला. तिकडं गाडी चालवणाऱ्या बाईकडं कोणी वळून पाहत नाही. १९८९ साली मेढ्यात लूनावर मला पाहायला माणसं हॉटेलातून बाहेर यायची.

तिसरा दिवस मा पी लेंग खिंडीचा. डोंग वान आणि मेओ वाक या दोन गावांमधला हा वीसेक किलोमीटरचा घाट. एका बाजूला उभा कातळ, दुसरीकडं खोल खाली हिरव्या रंगाची न्यो क्वे नदी. हा झांग शहरापासून मेओ वाकपर्यंतच्या रस्त्याला तिथं ‘सुखाचा रस्ता’ म्हणतात. १९५९ ते १९६५ या काळात डोंगरातल्या वेगवेगळ्या जमातींच्या तरुण मुलामुलींनी तो पहारी, हातोडे आणि सुरुंग वापरून खोदला. या खिंडीतल्या कड्यावर तर कमरेला दोर बांधून, लोंबकळत अकरा महिने काम चाललं. त्याआधी या गावांना मीठ आणायलाही डोंगर तुडवत जावं लागायचं. भाच्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि फोनवरच्या भाषांतरातून हे सगळं मला सांगितलं. त्याच्या गटातल्या बाकीच्या गाड्यांनी तिथं फोटो काढले आणि त्या पुढं गेल्या. आम्ही पाऊण तास थांबलो. घाईनं उरकायचा कार्यक्रम त्यानं माझ्यासाठी बाजूला ठेवला, आणि हे दुकानाच्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही.

या रस्त्यावर नोव्हेंबरात बकव्हीटची, म्हणजे कुट्टूची, गुलाबी फुलं फुललेली असतात. आम्हा सातारकरांना साहजिकच कास आठवतं. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे ताफे गावातून जातात, तेव्हा गोठ्यातली जनावरं बिचकतात, झोळीतली मुलं दचकून उठतात. गाडी चालवण्याचा आनंद मी कोणापेक्षा कमी घेतलेला नाही, म्हणूनच मला हे सहन होत नाही. ऑस्ट्रियात टिरोलच्या काही रस्त्यांवर २०२० पासून ठराविक आवाजाच्या वरच्या मोटारसायकलींना उन्हाळ्यात बंदीच आहे, जावई त्या बाजूला जाताना आधी कागदावर आपल्या गाडीचा आकडा पाहतो. हा झांगमध्ये गाड्यांचा आवाज नाही, पण पर्यटकांच्या ताफ्यांनी दुसरा त्रास सुरू केला आहे. चालक गाडीला स्पीकर बांधतात आणि वीस-वीस गाड्या मोठ्यानं गाणी वाजवत खेड्यांतून जातात. आमच्या गटातही दोन होते. ही माझी पहिली तक्रार. मी सांगितल्यावर भाच्यानं आपला बंद केला, दुसऱ्यानं नाही.

दुसरी तक्रार हेल्मेटची. व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि लोक ते घालतात. आपल्याकडेही कायद्यात दोघांनाही आहे, पण पुण्यात त्याविरुद्ध मोर्चे निघाले. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण दुकानानं दिलेलं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी होती, कान उघडे, जाऊबाईंच्या टोपीचा पट्टा सैल, आणि बकल दोनदा सुटलं. माझं मी साताऱ्याहून पूर्ण तोंड झाकणारं नेलं होतं. तासभर इतकं मन लावून शिकवणाऱ्या माणसांनी डोक्यावर असं काही ठेवावं, याचं मला वाईट वाटलं.

तिसरी गोष्ट गंभीर होती. दुसऱ्या रात्री मुक्कामाच्या घरी जेवणाबरोबर मक्याची दारू आली. पाहुण्याला ती देणं हा तिकडचा रिवाज आहे आणि घरमालक प्रेमानं देतात. आम्ही दोघींनी हात जोडले, ते हसून मान्य झालं. पण गटातला एक चालक रात्री उशिरापर्यंत पीत बसला. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, व्हिएतनाममध्ये २०२० पासून शून्य. सकाळी साडेसातला तो गाडीवर बसला तेव्हा त्याच्या तोंडाला वास होता. मी मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, ‘तुमचा गैरसमज झाला असेल’ असंही म्हटलं नाही. त्या चालकाला तिथंच थांबवलं, त्याच्या मागं बसणारी मुलगी दुसऱ्या गाडीवर गेली, आणि दुपारपर्यंत नवा चालक आला. चूक झाली ती झाली, पण ती ऐकून घेऊन निस्तरण्याची ही रीत मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. आमच्या भाच्यानं मात्र तीनही रात्री पेल्यात पाणीच घेतलं.

पैशाचं एक राहिलं. न्यो क्वेवरची नावेची फेरी दरात धरलेली आहे असं बोलताना सांगितलं होतं, प्रत्यक्षात नावेचे आणि घाटापासून धक्क्यापर्यंत उतरायचे पैसे वेगळे द्यावे लागले. रक्कम फार नव्हती. पण ठरलं ते ठरलं. परतल्यावर बोलले तेव्हा बाईंनी निम्मे पैसे परत केले.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवते, एवढं म्हणायला शिकावं. लसूण घालून परतलेली पालेभाजी, टोफू, भात, कधी अंडं. तिसऱ्या दिवशी तेच तेच वाटतं, लोणच्याची बाटली सोबत असावी.

चौथ्या दिवशी शेवटच्या मुक्कामाहून निघायच्या आधी भाच्यानं घरमालकाची ती क्लच नसलेली गाडी मागून घेतली आणि त्यांच्या आवारात माझ्यापुढं उभी केली. आवाराचं फाटक लावून घेतलं. भात वाळत घातलेल्या अंगणाच्या कडेनं मी चार फेऱ्या मारल्या, पायानं गियर टाकत. पाय काही विसरला नव्हता. तो आणि जाऊबाई पायरीवर बसून पाहत होते. मग तो म्हणाला, ‘को, आता तुम्ही पुढं, मी मागं,’ आणि खरोखरच मागं येऊन बसला, दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवून. वळणावर तो बरोबर कलला.

मला विचाराल तर पाचपैकी चार तारे. जाणाऱ्यांनी हा झांगच्या कुठल्याही दुकानात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: दरात काय काय आहे, चालक रात्री पिणार नाही, आणि गाडीवर स्पीकर नसेल. सकाळची शिकवणी किती वेळाची तेही विचारावं, दहा मिनिटांची असेल तर दुसरं दुकान बघावं. कमरेला आधार म्हणून एक छोटी उशी बांधून न्या. हेल्मेट घरचंच न्या.